एकाच अंगणात तीन तऱ्हेचा उजेड: घरच्या हिरवळीसाठी गवत निवडण्याचे एक प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण एका घरामागील सुमारे १४० चौरस मीटर मोकळ्या जागेचे आहे. कुटुंबाची ओळख पटेल असे तपशील येथे वगळले आहेत. जागेची मापे, कामाचा क्रम आणि झालेल्या चुका मात्र जशाच्या तशा ठेवल्या आहेत. हवामान उष्ण, हिवाळा सौम्य, गोठवणारी थंडी नाही, आणि वर्षातील काही महिने जोरदार पावसाचे, अशी एकूण परिस्थिती होती. घरात पती-पत्नी, दोन शाळकरी मुले, मुलांची आजी आणि एक मध्यम आकाराचा कुत्रा होता. मुलांना चेंडू खेळायला मऊ जमीन हवी होती, आजींना सकाळी अनवाणी चालायचे होते, आणि आई-वडिलांना रोजची निगा फार न लागणारी हिरवळ हवी होती. या तीन अपेक्षा पहिल्याच भेटीत मी वहीत उतरवून घेतल्या, कारण गवताची निवड पुढे ज्या ज्या ठिकाणी अडते, त्या प्रत्येक ठिकाणी यांपैकी कोणत्या तरी अपेक्षेला थोडी मुरड घालावी लागते.

हिरवळीच्या सल्ल्यासाठी मला बोलावणे आले त्याच्या चौदा महिने आधी कुटुंबाने संपूर्ण जागेवर संकरित हरळीच्या तयार लाद्या (मातीसकट कापलेले गवताचे तुकडे) अंथरून घेतल्या होत्या. एका उघड्या मैदानावरची दाट, बारीक पानांची हिरवळ त्यांनी पाहिली होती आणि तेच गवत मागितले होते. पहिले तीन महिने सारे सुरेख दिसले. त्यानंतर झाडाखालचे गवत विरळ होऊ लागले, घराच्या भिंतीलगत ते उंच आणि फिकट झाले, आणि मधल्या मोकळ्या भागात जागोजागी पिवळे गोल डाग उमटले. कुटुंबाने पाणी वाढवले, नत्रयुक्त खत दोनदा दिले आणि डागांवर बुरशीनाशकही फवारले. हिवाळ्यात उघड्या पडलेल्या जागी एका आकर्षक पाकिटातले बी फेकले. आठच दिवसांत तेथे कोवळी, चमकदार हिरवळ उगवली आणि सर्वांना हायसे वाटले. पण उन्हाळ्याची पहिली झळ लागताच ती पंधरवड्यात जळून गेली.

अडचण कशी मांडली गेली

मी प्रथम गेलो तेव्हा कुटुंबाचे म्हणणे असे होते की हे गवतच वाईट निघाले, ते सगळे उपटून टाकावे आणि दुसरे एखादे चांगले गवत सुचवावे. हे म्हणणे मला समजण्यासारखे वाटले, कारण चौदा महिन्यांची मेहनत डोळ्यांसमोर सुकताना पाहणे क्लेशदायक असते. पण प्रश्न असा मांडला की उत्तरही एकच गवत सुचवण्याच्या दिशेने जाते. त्यामुळे नाव सुचवण्याआधी तीन आठवडे फक्त पाहणी करावी, असे मी सुचवले. वडील थोडे नाराज झाले. या प्रकरणातला हा पहिला निर्णय होता आणि तो योग्य होता असे मला आजही वाटते, जरी त्या पाहणीतच पुढच्या एका चुकीचे मूळही होते.

पाहणीत काय आढळले

सर्वात आधी उजेड मोजला. जागेचा कागदावर नकाशा काढून त्यावर नऊ बिंदू निश्चित केले आणि सकाळी सातपासून संध्याकाळी सहापर्यंत दर तासाला प्रत्येक बिंदूवर थेट ऊन आहे, गाळीव ऊन आहे की सावली आहे याची नोंद मुलांकडून करून घेतली. मुलांनी हे काम फार मन लावून केले. दोन स्वच्छ दिवसांच्या नोंदी जुळवल्यावर जागेचे तीन भाग आपोआप वेगळे झाले. मधल्या सुमारे ७० चौरस मीटर भागात आठ तासांहून अधिक थेट ऊन होते. घर मावळतीच्या बाजूला असल्यामुळे घरालगतच्या तीन मीटर रुंद आणि तेरा मीटर लांब पट्ट्याला फक्त सकाळचे, साधारण पाच तासांचे ऊन मिळत होते. उरलेला कोपरा एका जुन्या, सदाहरित, घनदाट झाडाखाली होता. तेथे थेट ऊन जेमतेम दोन तास पोहोचत होते, तेही ठिपक्याठिपक्यांनी.

हरळीला दिवसाला सात-आठ तासांचे थेट ऊन लागते. ते मिळाले तर तिच्याइतके चिवट आणि झपाट्याने भरून येणारे गवत शोधून सापडणार नाही. शेतात हीच हरळी खणून काढताना माणसे हैराण होतात, यावरून तिच्या जोमाची कल्पना यावी. ऊन कमी पडले की मात्र ती पाने लांबवते, खोडे बारीक करते आणि खोडांत-मुळांत साठवलेले अन्न खर्चत जाते. अशा अवस्थेत नत्र दिले तर पानांची वाढ आणखी ढकलली जाते आणि साठा अधिक लवकर रिता होतो. कुटुंबाने सावलीतल्या गवताला प्रेमापोटी दिलेल्या खताने त्याचा शेवट बहुधा जवळ आणला होता.

येथे सावली-सावलीतला फरकही लक्षात घ्यावा लागला. भिंतीच्या सावलीत थेट ऊन नसले तरी उघड्या आकाशाचा पसरलेला प्रकाश येत असतो. झाडाच्या सावलीत पोहोचणारा प्रकाश पानांनी आधीच गाळलेला असतो. प्रकाशसंश्लेषणाला उपयोगी पडणारे लाल आणि निळे किरण वरच्या पानांनी शोषून घेतलेले असतात आणि खाली प्रामुख्याने दूरलाल (लाल रंगापलीकडचा) प्रकाश उरतो. तो मिळाला की गवताला शेजारच्या वनस्पतीची गर्दी झाल्याची खूण मिळते आणि ते दाट होण्याऐवजी उंच होऊ पाहते. शिवाय झाडाची अन्न-पाणी घेणारी बारीक मुळे जमिनीच्या वरच्या थरातच दाटलेली असतात आणि तेथे गवताची त्यांच्याशी थेट स्पर्धा असते. म्हणून नोंदवहीत भिंतीकडचा पट्टा आणि झाडाखालचा कोपरा या दोहोंपुढे ‘सावली’ असा एकच शब्द लिहिलेला असला, तरी दोन्हीकडे एकाच उत्तराची अपेक्षा ठेवणे चुकीचे ठरले असते.

दुसरी पाहणी मातीची केली. तीन ठिकाणी छोटे खड्डे घेतले. वरचा सुमारे पाच सेंटिमीटरचा थर लाद्यांबरोबर आलेल्या आणि बाहेरून टाकलेल्या भुसभुशीत मातीचा होता. त्याखाली विटांचे तुकडे मिसळलेली, बांधकामाच्या वेळी तुडवली गेलेली घट्ट चिकणमाती होती. गवताची मुळे त्या थरापर्यंत जाऊन आडवी वळली होती. तीस सेंटिमीटर खोल खड्डा एकदा पाण्याने भरून जिरू दिला आणि पुन्हा भरला, तेव्हा दुसऱ्यांदा भरलेले पाणी तासाला जेमतेम एक सेंटिमीटर उतरले. हिरवळीसाठी तासाला अडीच सेंटिमीटरच्या आसपास निचरा असावा, म्हणजे येथे तो निम्म्याहूनही कमी होता. रोज दहा मिनिटे दिलेले पाणी वरच्या पातळ थरातच राहत होते, त्यामुळे मुळांनाही खाली जाण्याचे कारण उरले नव्हते. माती परीक्षणात सामू (pH, म्हणजे मातीच्या आम्ल-अल्कतेचे माप) ७.८ आला, क्षार चिंता करण्याजोगे नव्हते.

पिवळ्या गोल डागांचे कोडे त्या मानाने लवकर सुटले. प्रत्येक डागाच्या कडेने गडद हिरवे वर्तुळ होते आणि पाने ओढली असता ती बुडाशी कुजलेली नव्हती. कुत्र्याच्या मूत्रातील नत्र आणि क्षार मध्यभागी इतके एकवटतात की गवत जळते, आणि कडेला तेच विरळ होऊन खताचे काम करतात. बुरशीनाशकाचा येथे काहीही उपयोग नव्हता.

शेवटी कापणी पाहिली. मोकळ्या भागातले गवत दोन-तीन आठवडे वाढू देऊन मग एकदम जमिनीलगत कापले जात होते. त्यामुळे हिरवा भाग जाऊन तपकिरी खोडे उघडी पडत होती. यंत्राचे पाते बोथट होते. पानांची टोके कापली न जाता फाटली होती आणि सुकून पांढरी पडली होती.

या सगळ्याचा अर्थ असा निघाला की मोकळ्या भागात गवताची जात चुकलेली नव्हती. तेथे माती, पाणी आणि कापणी चुकली होती. घरालगतच्या पट्ट्यात जात चुकली होती. आणि झाडाखाली कोणतीही जात टिकेल का, हाच प्रश्न होता.

विचारात घेतलेले पर्याय

सर्वत्र हरळीच ठेवून निगा वाढवावी, हा पर्याय पहिल्याच चर्चेत बाजूला पडला, कारण उन्हाची उणीव पाण्याने किंवा खताने भरून निघत नाही.

थंड हवेतल्या गवतांचा विचार मुलांच्या वडिलांच्या आग्रहावरून करावा लागला. पाकिटातल्या बियांची आठ दिवसांत उगवलेली ती सुंदर हिरवळ त्यांच्या मनातून जात नव्हती. पाकिटावरचे बारीक अक्षरांतले घटक आम्ही एकत्र वाचले; त्यात बारमाही राय गवत आणि केंटकी ब्लूग्रास होते. ही गवते साधारण १५ ते २४ अंश सेल्सिअस तापमानात उत्तम वाढतात, तर हरळी, झोयसिया, सेंट ऑगस्टीन यांसारखी उष्ण हवेतली गवते २७ ते ३५ अंशांच्या आसपास जोमात असतात. हा फरक केवळ सवयीचा नाही. उष्ण हवेतल्या गवतांच्या पानांत कार्बन डायऑक्साइड एकवटण्याची एक जादा यंत्रणा असते, त्यामुळे तापमान चढले तरी त्यांची अन्ननिर्मिती कार्यक्षम राहते. थंड हवेतल्या गवतांत ती नसते. उष्णतेत त्यांचा बराचसा लाभ प्रकाशश्वसन नावाच्या खर्चिक क्रियेत वाया जातो आणि मुळे आखूड होत जातात. राय गवत आठवड्याभरात उगवते म्हणून ते थंड महिन्यांत तात्पुरत्या हिरवाईसाठी पेरता येते, पण उष्ण प्रदेशात त्याच्याकडून बारमाही हिरवळीची अपेक्षा ठेवता येत नाही. हे समजल्यावर त्यांनी उरलेले पाकीट बाजूला ठेवले.

बारीक पानांचे झोयसिया सर्वत्र लावावे, ही आईची इच्छा होती. अनवाणी चालायला ते खरोखर सुखद असते, थोडी सावली सोसते, दाट वाढून तणांना जागा देत नाही आणि फार वेळा कापावे लागत नाही. अडचण त्याच्या याच गुणाच्या दुसऱ्या बाजूला होती. हे गवत सावकाश वाढते, म्हणजे एकदा झिजले की सावकाशच भरून येते. रोज संध्याकाळी चेंडू खेळला जाणार असेल तर गोलाच्या तोंडाशी पडलेला उघडा तुकडा महिनोन्‌महिने तसाच राहतो. मुलांच्या खेळाची जागा बदलणे शक्य नव्हते.

रुंद पानांचे कार्पेट गवत सावली आणि ओल दोन्ही सोसते. मात्र त्याची मुळे उथळ असतात, पाण्याचा ताण त्याला सहन होत नाही, आणि सामू ७.८ असलेल्या मातीत ते कितपत रमेल याची मला शंका होती, कारण त्याला किंचित आम्ल माती मानवते. सेंट ऑगस्टीन गवत अर्धसावलीत चांगले वाढते, अल्कधर्मी माती बऱ्यापैकी सोसते आणि जमिनीवरून जाड धुमारे टाकत पसरते. त्याचे पान खरखरीत आणि रुंद असते, तुडवणे त्याला फारसे मानवत नाही, आणि ते सहा ते नऊ सेंटिमीटर उंच ठेवावे लागते. त्याचे बी सहज मिळत नसल्यामुळे ठोंब (मुळांसकट छोटे गड्डे) किंवा लाद्याच लावाव्या लागतात.

झाड तोडण्याचा पर्यायही एकदा बोलला गेला. आजींनी तो तत्काळ नाकारला आणि मला त्याचे समाधान वाटले. हिरवळीसाठी पूर्ण वाढलेले झाड देणे हा व्यवहार कोणत्याही हिशेबात बसत नाही. खालच्या दोन फांद्या जाणकाराकडून काढून घेऊन छत थोडे उंचावावे, एवढेच ठरले.

शेवटचा पर्याय जागेची विभागणी करण्याचा होता: मोकळ्या भागात असलेलीच हरळी सुधारायची, घरालगतच्या पट्ट्यात सावली सोसणारे गवत लावायचे आणि झाडाखाली गवताचा नाद सोडायचा. आईंचा आक्षेप असा होता की दोन गवतांचे अंगण ठिगळ लावल्यासारखे दिसेल. हा आक्षेप मी हलका मानला नाही. दोन गवतांचा रंग, पानांची रुंदी आणि कापणीची उंची वेगळी असते, आणि त्यांची सीमा वेडीवाकडी राहिली तर ते खरोखरच वाईट दिसते. म्हणून सीमेवर मुद्दाम सपाट दगडांची एक सरळ रांग बसवावी, तिच्यावरून कापणी यंत्राचे चाक जाईल अशी ती जमिनीच्या पातळीत असावी, आणि तीच आजींच्या चालण्याची वाटही व्हावी, असे ठरले. दगड आखणीत आल्यावर ती विभागणी मुद्दाम केलेली दिसेल, हे आईंनाही पटले.

चाचणीचे आठ आठवडे

घरालगतच्या पट्ट्यासाठी सेंट ऑगस्टीन, कार्पेट गवत आणि मध्यम पानांचे झोयसिया यांपैकी काय घ्यावे, याबद्दल माझे मन सेंट ऑगस्टीनकडे झुकले होते, पण खात्री नव्हती. म्हणून प्रत्येकी एक चौरस मीटरचे तीन वाफे त्या पट्ट्यातच केले आणि तिन्हींना सारखीच माती आणि सारखेच पाणी दिले. कुटुंबाला हा वेळ दवडणे वाटत होते. पाऊस येईपर्यंत मोठी लागवड करायची नव्हतीच, त्यामुळे हे आठवडे अन्यथाही रिकामे गेले असते, हे सांगितल्यावर ते तयार झाले.

आठ आठवड्यांनी कार्पेट गवत जिवंत होते, पण पानांच्या शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा अशी लोहाच्या कमतरतेची लक्षणे त्यावर स्पष्ट दिसत होती. अल्कधर्मी मातीत लोह असूनही मुळांना ते मिळत नाही, त्याचा हा परिणाम. झोयसिया निरोगी होते, मात्र ठोंबांमधले अंतर निम्मेही भरले नव्हते. सेंट ऑगस्टीनने धुमारे टाकून वाफा जवळजवळ झाकला होता. निवड सोपी झाली.

प्रत्यक्ष काम

मोकळ्या भागात नळीदार दातांच्या अवजाराने आठ-दहा सेंटिमीटर खोल मातीच्या गुल्ल्या काढल्या आणि चाळलेले कुजलेले खत व भरड वाळू मिसळून त्याचा अर्धा सेंटिमीटरपेक्षा पातळ थर वर पसरून झाडूने भोकांत ढकलला. नुसती वाळू अंथरण्याचा सल्ला कुटुंबाला कोणीतरी दिला होता. चिकणमातीवर वाळूचा वेगळा थर बसला की दोन थरांच्या सीमेवर पाणी अडते, त्यामुळे तो सल्ला टाळला. पाते धारदार केले, कापणीची उंची साडेतीन सेंटिमीटरवर आणली आणि एका वेळी पानाच्या उंचीच्या एक तृतीयांशापेक्षा अधिक कापायचे नाही हा नियम पाळला. त्यासाठी वाढीच्या महिन्यांत आठवड्याला दोनदा यंत्र फिरवावे लागले. पाणी रोजऐवजी आठवड्यातून दोनदा, पण बारा-पंधरा सेंटिमीटर खोल पोहोचेल इतके दिले. चिकणमातीत पाणी एकदम जिरत नाही, म्हणून ते अर्ध्या तासाच्या अंतराने दोन हप्त्यांत सोडले. खोली पाहण्यासाठी लांब स्क्रू ड्रायव्हर जमिनीत खुपसणे पुरले. ओल्या मातीत तो सहज जातो आणि कोरड्या थराशी अडतो.

घरालगतच्या पट्ट्यात मेहनत अधिक होती. हरळीच्या लाद्या काढून वाफसा असताना, म्हणजे माती फार ओली किंवा फार कोरडी नसताना, वीस सेंटिमीटर खोदाई केली, विटांचे तुकडे वेचले, कुजलेले खत मिसळले आणि घरापासून दूर जाणारा हलका उतार दिला. हरळी जमिनीखालूनही खोडे पसरवते आणि तुटलेल्या तुकड्यांतून पुन्हा फुटते. म्हणून जमीन तयार करून पाणी दिले, फुटवे वर येऊ दिले, ते मुळासकट काढले, आणि हे चक्र तीनदा करायचे ठरवले. पाऊस जवळ आला, ठोंब दारात येऊन पडले होते, आणि आम्ही दोनच चक्रे केली. ठोंब पंचवीस सेंटिमीटर अंतरावर लावले.

झाडाखाली काहीही खोदले नाही आणि मुळांवर नवी माती चढवली नाही, कारण दोन्हींनी झाडाला इजा होते. उरलेले गवत हाताने काढले, पाच-सहा सेंटिमीटर जाडीचे वाळलेल्या पानांचे आच्छादन खोडापासून थोडे अंतर राखून पसरले, आणि आजींसाठी एक बाक ठेवला. कुत्र्याला सकाळी त्याच आच्छादनाच्या एका कडेला नेण्याची सवय मुलांनी लावली. मोकळ्या भागात चुकून प्रसंग घडला तर त्या जागी लगेच भरपूर पाणी ओतायचे, एवढेच ठरले.

परिणाम

मोकळा भाग दहा आठवड्यांत एकसारखा झाला. जी हरळी उपटून टाकायची होती तीच दाट भरून आली, आणि खड्ड्यात पाहिल्यावर मुळे बारा सेंटिमीटरपर्यंत उतरलेली दिसली. या प्रकरणात मला सर्वाधिक आनंद याच गोष्टीचा झाला.

घरालगतचा पट्टा पाच महिन्यांत झाकला गेला. मध्यंतरी भर पावसात पानांवर तपकिरी कडा असलेले राखाडी ठिपके आले. उष्ण आणि दमट हवेत सेंट ऑगस्टीनवर हा बुरशीजन्य रोग येतो आणि सढळ नत्राने तो बळावतो. लागवडीनंतर वाढ लवकर व्हावी म्हणून मीच नत्राचा एक हप्ता सुचवला होता. तो पुढे थांबवला, पाऊस नसेल त्या दिवशी पाणी फक्त सकाळी दिले, आणि पाऊस ओसरल्यावर नवी पाने स्वच्छ आली.

खरी चूक हिवाळ्यात उघडी पडली. पट्ट्याच्या एका टोकाला घराला जोडून तीन मीटर उंचीची सामानाची खोली होती, आणि हिवाळ्यात सूर्य ज्या बाजूला कलतो त्याच बाजूला ती होती. आम्ही उजेड मोजला तेव्हा उन्हाळा होता. दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर होता आणि त्या खोलीची सावली एक मीटरही पडत नव्हती. सूर्य ४५ अंशांवर उतरला की वस्तूची सावली तिच्या उंचीइतकी होते. हिवाळ्यात दुपारच्या वेळीसुद्धा ती सावली जवळपास तीन मीटर झाली आणि पट्ट्याच्या टोकाचा सुमारे नऊ चौरस मीटर तुकडा दोन-अडीच महिने थेट उन्हाला मुकला. तेथील गवत विरळ झाले, त्यात शेवाळ धरले. चाचणीचे वाफेही उन्हाळ्यातच केल्यामुळे त्यांनीही हे दाखवले नव्हते. शिवाय तिन्ही वाफे पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला, नळाजवळ सोयीच्या जागी होते. उन्हाळ्यात ते ठोंब पुन्हा भरून आले, पण दर हिवाळ्यात तेच घडणार हे उघड होते. अखेर पुढच्या पावसाआधी तो तुकडा गवतातून काढून तेथे सावलीत वाढणारी कमी उंचीची झुडपे लावली.

दुसरी चूक दगडांच्या रांगेलगत दिसली. तिसरे चक्र वगळल्यामुळे राहिलेले हरळीचे तुकडे उन्हाकडील कडेला सेंट ऑगस्टीनमधून वर आले. दोन्ही गवतेच असल्याने एकाला इजा न करता दुसरे मारणारे औषध वापरणे सोपे नव्हते. आजही ते फुटवे हाताने काढावे लागतात. पट्ट्याच्या आतल्या, कमी उन्हाच्या भागात मात्र हरळी स्वतःच मागे पडली आहे.

पुन्हा करायचे झाले तर

उजेडाच्या नोंदी एकाच ऋतूवर सोडून देणार नाही. सहा महिने थांबणे दरवेळी शक्य नसते, हे मान्य आहे. पण वर्षातला सर्वात कमी चढणारा सूर्य दुपारी किती अंशांवर असतो हे त्या ठिकाणच्या अक्षांशावरून काढता येते, आणि भिंतीची उंची माहीत असली की हिवाळ्यातली सावली कागदावर आखता येते. हे गणित मला येत होते आणि तरी मी ते केले नाही, कारण तासातासाच्या नोंदींनी मला पुरेशी खात्री दिली होती. चाचणीचा वाफा जागेच्या सर्वात अडचणीच्या टोकाला करावा, सोयीच्या नाही, हेही त्यालाच जोडून येते.

हरळी काढण्याची तीन चक्रे पूर्ण होईपर्यंत ठोंब मागवणार नाही. ठोंब दारात आले की ते सुकण्याची भीती निर्णय घेते.

झाडाखालच्या कोपऱ्याबद्दल मात्र माझा निर्णय तोच राहील. फांद्या काढल्यानंतर तेथे तीन तासांच्या आसपास गाळीव ऊन येऊ लागले आणि वडिलांनी तेथे सेंट ऑगस्टीनचे चार ठोंब स्वतः लावून पाहिले. दोन गेले, दोन अजून आहेत. त्यांनी प्रत्येकी एकच धुमारा टाकला आहे आणि दोन्ही धुमारे उन्हाच्या दिशेला वळले आहेत. ते तसेच राहू द्यावेत, असे मी सांगितले आहे.

मुलांच्या खेळाबाबतची तडजोड साधी निघाली. चेंडूच्या गोलाचे खांब दर महिन्याला दोन मीटर सरकवले जातात. खांब हलले की जुन्या जागेवरची उघडी माती वाढीच्या दिवसांत तीन-चार आठवड्यांत हरळीच्या नव्या धुमाऱ्यांनी भरते. हिवाळ्यात वाढ मंदावल्यामुळे ती भरायला अधिक वेळ लागतो, म्हणून त्या महिन्यांत खेळ मोकळ्या भागाच्याच कमी झिजलेल्या बाजूला हलवायचा, असे मुलांनीच ठरवले आहे.